अमेरिकन रेस्टॉरंटात वाटून खाताना: अ‍ॅपेटायझरपासून उरलेल्या डब्यापर्यंत

चिलीज, अ‍ॅपलबीज, ऑलिव्ह गार्डन, टेक्सस रोडहाउस, चीजकेक फॅक्टरी, नाहीतर गावातलंच एखादं बार अँड ग्रिल. अमेरिकेत कॅज्युअल डायनिंग म्हणतात ते हेच. जीन्स-टीशर्ट चालतो, वेटर टेबलवर येऊन ऑर्डर घेतो, भिंतीवर कुठलातरी सामना चालू असतो आणि मेन्यूकार्ड उलटता उलटता संपत नाही.

मराठी कुटुंब इथे येऊन बसलं की पहिली दहा मिनिटं 'काय काय घ्यायचं आणि कितीत भागेल' यातच जातात. घरी भाजी, आमटी, कोशिंबीर मधे ठेवून सगळ्यांनी वाढून घ्यायची सवय. इथली प्लेट मात्र एका माणसाची असते: चिकनचा तुकडा, शेजारी कुस्करलेला बटाटा, त्याच्या शेजारी वाफवलेली ब्रोकोली, सगळं एकाच्याच पुढ्यात. वाटून खायला कोणाची ना नसते. फक्त ते ऑर्डर देण्याआधी आपसांत ठरवायचं आणि वेटरला स्पष्ट सांगायचं. प्लेट आल्यावर "अगं, तू थोडं घे ना" सुरू झालं की टेबलभर सॉसचे ओघळ होतात, रिकाम्या प्लेटसाठी वेटरची वाट बघावी लागते आणि तोवर गरम पदार्थ निवतो.

जाण्याआधी मेन्यू घरीच वाचा

बहुतेक रेस्टॉरंटांचे मेन्यू त्यांच्या साइटवर असतात. नुसते पदार्थ बघू नका, तळाची बारीक अक्षरंही वाचा. तिथे 'स्प्लिट प्लेट चार्ज' किंवा 'शेअरिंग चार्ज' असं काही लिहिलंय का बघा. एंट्रे, म्हणजे इथे मुख्य जेवणाची प्लेट, दोघांत एकच घेतली तर काही ठिकाणी दोनपासून सहा-सात डॉलरपर्यंत जादा लावतात. मोठ्या साखळ्यांत हा प्रकार कमी. मालकाच्या स्वतःच्या रेस्टॉरंटात आणि स्टेकहाउसमध्ये जास्त दिसतो. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, कारण अनेकदा त्या पैशांत स्वयंपाकघरातूनच दोन वेगळ्या प्लेट लावून येतात आणि सोबतचं सॅलड किंवा साइड दुसऱ्यालाही मिळतं. तेवढं विचारून घ्या. दुसरी ओळ शोधायची ती मोठ्या ग्रुपसाठीच्या सक्तीच्या टिपची. सहा किंवा आठ माणसांच्या वर गेलं की बऱ्याच ठिकाणी साधारण 18 टक्के आपोआप बिलात येतात.

कॅलरीचे आकडेही बघा. ज्या साखळ्यांच्या 20 किंवा जास्त शाखा आहेत त्यांना मे 2018पासून प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी छापणं केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. हे आकडे पथ्यासाठी असतात खरे, पण वाटून खाणाऱ्याला त्यांचा वेगळाच उपयोग होतो. फोटोवरून प्लेट किती मोठी आहे ते कळत नाही, आकड्यावरून बरंचसं कळतं. दिवसाचा सर्वसाधारण हिशोब 2000 कॅलरींचा धरतात. तेव्हा 1400-1500च्या पुढची पास्त्याची प्लेट दिसली की ती बिनधास्त दोघांची समजा, आणि 600ची ग्रिल्ड माशाची प्लेट एकट्याची. चीजकेक फॅक्टरीच्या मेन्यूत दोनशेच्या वर पदार्थ आहेत, त्यातले बरेच पहिल्या प्रकारात मोडतात. डिपच्या बाबतीत मात्र हा आडाखा फसतो. चीज आणि क्रीममुळे वाटीभर डिपचा आकडाही मोठा दिसतो आणि समोर येते ती वाटीच.

भारतातून आई-बाबा आले असतील तर ज्येष्ठांचा मेन्यू आहे का ते विचारा. डेनीजमध्ये 55 वर्षांवरच्यांसाठी छोट्या पोर्शनचा वेगळा मेन्यू असतो. अशा ठिकाणी शेअर करण्याची खटपटच नको, दोघांना दोन छोट्या प्लेट मागवा. कामाच्या दिवशी दुपारी गेलात तर कित्येक ठिकाणी तीन-चार वाजेपर्यंत तेच पदार्थ लहान पोर्शनमध्ये, कमी दरात मिळतात. मुलांचा मेन्यू मात्र बहुधा 12 वर्षांपर्यंतच्याच मुलांसाठी असतो. 'मला भूक कमी आहे, मीच घेते' हे तिथे चालत नाही.

किती मागवायचं

माझा हिशोब साधा आहे. दोघं असाल तर एक अ‍ॅपेटायझर (मुख्य जेवणाआधीचा पदार्थ), एक एंट्रे आणि एखादं जादा साइड किंवा सूप. चौघं असाल तर दोन अ‍ॅपेटायझर आणि तीन एंट्रे. सहा जण, त्यात दोन लहान मुलं, तर दोन-तीन अ‍ॅपेटायझर, तीन एंट्रे आणि मुलांच्या मेन्यूतल्या दोन प्लेट. टीनएजर मुलगा बरोबर असेल तर हे सगळं विसरा, त्याला त्याची पूर्ण प्लेट द्या.

कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं, पंधरा-वीस मिनिटांत येतं आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. तरी आपल्याकडे यजमानाला 'कमी पडलं तर बरं दिसणार नाही' याची धास्ती असते आणि तो सुरुवातीलाच सहा माणसांत आठ पदार्थ सांगून मोकळा होतो. मग मेन कोर्स येईपर्यंत सगळे चिप्स खाऊनच गार झालेले असतात.

वाटून खाणाऱ्यांसाठी काही साखळ्यांनी स्वतःच जोड्या लावलेल्या आहेत. अ‍ॅपलबीजमध्ये एक अ‍ॅपेटायझर आणि दोन एंट्रे मिळून ठरावीक किंमत अशी 'टू फॉर' योजना असते. किंमत काळानुसार आणि जागेनुसार बदलते. चिलीजच्या 'ट्रिपल डिपर'मध्ये तीन अ‍ॅपेटायझर आपण निवडायचे, प्रत्येकाबरोबर डिप. दोघांचं रात्रीचं हलकं जेवण त्यात आरामात होतं, एंट्रेच्या वाटेला जावंच लागत नाही.

अ‍ॅपेटायझर निवडताना

पहिला प्रश्न: "हाउ मेनी पीसेस?" मोझरेला स्टिक्स सहा येणार की आठ, हे चार माणसांच्या टेबलवर महत्त्वाचं ठरतं. पाच जणांत सहा तुकडे आले की शेवटचा तुकडा लाजेपोटी गार होत पडतो आणि शेवटी वेटर उचलून नेतो.

चिप्स आणि साल्सा, पालक-आर्टिचोक डिप, केसो, म्हणजे पातळ चीजचं डिप, हे पदार्थ कितीही जणांत पुरवता येतात. चिप्स संपले तर डिप उरलंय म्हणून सांगा, बहुतेक ठिकाणी चिप्स परत आणून देतात. नाचोज दिसायला डोंगराएवढे असतात, पण वरच्या थरावर सगळं चीज आणि खाली कोरडे चिप्स असा प्रकार असेल तर पहिले दोघं मजा करतात आणि बाकीचे खालचं उकरत बसतात. शिवाय दहा मिनिटांत मऊ पडतात. नाचोज घ्यायचे तर दुसरं अ‍ॅपेटायझर न घेता तेवढेच घ्या आणि आल्या आल्या तुटून पडा.

विंग्ज म्हणजे कोंबडीचे तळलेले पंख. त्यांचं खूळ निघालं ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, अँकर बारमध्ये, 1964 साली. हाडवाल्या विंग्ज हाताने खायच्या, त्यामुळे मधे ठेवून ज्याने त्याने उचलायच्या हेच बरं. बोनलेस विंग्ज म्हणजे मुळात पंख नसतातच, छातीच्या मांसाचे तुकडे पिठात घोळवून तळलेले असतात. मुलांना देताना तरी एकदा मोडून बघा. बोनलेस विंगमध्ये हाड निघालं म्हणून एकाने केलेला दावा ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली फेटाळला. 'बोनलेस' ही बनवण्याची पद्धत आहे, हाड नसण्याची हमी नव्हे, असा एकंदर निकालाचा सूर होता.

शाकाहारी माणसांना आवडेल असं एक सहसा राहून जातं ते म्हणजे फ्राइड पिकल्स. पिकल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कैरीची फोड येते. इथे ती खारवलेल्या काकडीच्या चकत्यांची भजी असतात. आंबट, खारट, कुरकुरीत. आई-बाबांनाही आवडतात, हा अनुभव आहे.

कुठली एंट्रे वाटता येते आणि कुठली नाही

सगळ्यात सोयीची फजिता. लोखंडी तव्यावर चरचरत कांदा, ढोबळी मिरची आणि चिकन किंवा कोळंबी येते. वेगळ्या ताटलीत साल्सा, सावर क्रीम, किसलेलं चीज, कधी ग्वाकामोले, आणि झाकणाच्या डब्यात गरम टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या. म्हणजे प्लेट मुळातच सुटी सुटी असते, ज्याने त्याने आपला आपला रोल करून घ्यायचा. टॉर्टिया तीन किंवा चारच असतात, तेव्हा ऑर्डर देतानाच जास्तीच्या मागवा, थोडे पैसे पडतील. जमलं तर गव्हाच्या आणि मक्याच्या दोन्ही मागवा. तवा टेबलवर आला की त्याला हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका. वेटर "हॉट प्लेट" म्हणतो ते उपचारापुरतं म्हणत नाही. एका शाकाहारी आणि एका मांसाहारी माणसात फजिता वाटायची असेल तर दोन वेगळ्या मागवा. भाज्या आणि चिकन एकाच तव्यावर परततात, 'तू नुसता कांदा घे' असं सांगून भागत नाही.

पास्ता सहज वाटला जातो. दोन वाट्यांत करून द्यायला सांगितलं तर बरेचदा आनंदाने देतात. पिझ्झा, फ्लॅटब्रेड, केसाडिया कापूनच येतात. बर्गर आणि सँडविच मधोमध कापून मागायचे: "कुड यू कट इट इन हाफ?" एवढं पुरतं. टेबलवर आपण कापलेला बर्गर आणि स्वयंपाकघरातून कापून आलेला बर्गर यात फरक पडतो. टेबलवरच्या बोथट सुरीखाली पाव दबतो आणि आतला टोमॅटो घसरून बाहेर येतो. सोबत फ्राइज असतातच. रेड रॉबिनसारख्या ठिकाणी फ्राइज परत परत देतात. अशा 'अनलिमिटेड' गोष्टींबद्दल पुढे.

मोठं सॅलड वाटायचं तर ड्रेसिंग वेगळं मागा. 'ऑन द साइड' हे दोन शब्द इथे फार कामाचे आहेत. सॉस, चीज, हलापिनो मिरची, सगळ्याला हे शब्द लागू पडतात. फिश अँड चिप्स घेताना माशाचे तुकडे किती ते विचारा, कारण तीन आले तर दोघांत भांडण.

वाटायला वाईट म्हणजे सूप, पॉट पाय (वर पिठाचं कवच असलेला रस्सा) आणि स्टेक. स्टेक किती शिजवायचा यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. एकाला मीडियम हवा, दुसऱ्याला लाल रंग दिसला की घास उतरत नाही. बीफ खाणारे असाल तरी स्टेक ज्याचा त्याने घ्यावा, साइड वाटून घ्या. टेक्सस रोडहाउसमध्ये बऱ्याच एंट्रेंबरोबर दोन साइड येतात. दोघांत एक एंट्रे घेतली तर एकाने भाजलेला बटाटा, दुसऱ्याने भाजी अशी वाटणी होते, आणि जास्तीचं साइड थोडक्या पैशांत घेता येतं. दालचिनीच्या लोण्याबरोबर गरम पाव तिथे तसाही फुकट येतो. त्यावरच पोट भरवू नका एवढंच.

शाकाहारी, बीफ न खाणारे आणि मधली मंडळी

एकाच टेबलवर चार प्रकारचे खाणारे असणं हे आपल्याकडे नित्याचंच. एक कट्टर शाकाहारी, एक अंडं चालणारा, एक चिकन-मासे खाणारा पण बीफ-पोर्कला हात न लावणारा, आणि एक सगळं खाणारा, पण आज नेमका गुरुवार म्हणून न खाणारा. वाटून खाताना खरी गफलत इथेच होते, कारण मांस अनेकदा मांसासारखं दिसत नाही.

बेकनचे तुकडे सगळीकडे असतात: पोटॅटो स्किन्सवर, लोडेड फ्राइजवर, भाजलेल्या बटाट्यावर, कधी फरसबीच्या भाजीत. दक्षिणेकडच्या राज्यांत कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी डुकराच्या मांसाबरोबर शिजवायची पद्धत आहे. फ्रेंच अनियन सूप नावापुरतं कांद्याचं, रस्सा बहुधा बीफचा. मेक्सिकन भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोवी हे छोटे मासे असतात, वूस्टरशायर सॉसमध्येही. पार्मेझान चीज पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, बनतं. एवढं काटेकोर पाळणाऱ्याने ते वेगळं विचारावं. ऑलिव्ह गार्डनचं मिनेस्ट्रोने सूप मात्र भाज्यांचंच असतं, शाकाहारी पाहुण्यांसाठी ते हाताशी ठेवा.

तेलाचा प्रश्न सगळ्यात अवघड. बऱ्याच ठिकाणी फ्राइज, मोझरेला स्टिक्स आणि चिकन एकाच कढईतल्या तेलात तळतात. बफेलो वाइल्ड विंग्ज ही साखळी तर तळणीसाठी बीफ शॉर्टनिंग, म्हणजे गोवंशाची चरबी वापरते. तेव्हा "व्हॉट ऑइल डू यू फ्राय इन? इज इट शेअर्ड विथ मीट?" हे विचारायला लाजू नका. वेटरला माहीत नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो. या प्रश्नाला इथे जुना इतिहास आहे. मॅकडॉनल्ड्सने 1990 साली फ्राइज वनस्पती तेलात तळायला सुरुवात केली, पण चवीसाठी बीफचा अंश वापरणं चालू होतं. 2001 साली सिॲटलमध्ये हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांच्या वतीने खटला झाला आणि पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. त्यातला मोठा वाटा शाकाहारी संस्थांना गेला.

'आय अ‍ॅम व्हेजिटेरियन' एवढ्यावर सोडू नका. कोणी त्यात मासे धरतो, कोणी चिकनचं सूप. पूर्ण वाक्य सांगा: "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो बेकन, एग्ज अँड चीज आर फाइन." आणि टेबलवर शाकाहारी अ‍ॅपेटायझर एका टोकाला, विंग्ज दुसऱ्या टोकाला अशी मांडणी पहिल्यापासून ठेवा. वाढायचे चमचे वेगळे ठेवा. विंग्जच्या सॉसचा चमचा पालकाच्या डिपमध्ये गेला की सासूबाई काही बोलणार नाहीत, पण पुढे नुसत्या ब्रेडवर बसतील.

ऑर्डर देताना काय बोलायचं

वेटर आधी पेयांची ऑर्डर घेतो, मग पाच मिनिटांनी परत येतो. या पहिल्याच फेरीत सांगून टाका: "वी आर गोइंग टू शेअर एव्हरीथिंग. कुड वी गेट फोर एक्स्ट्रा प्लेट्स अँड अ फ्यू सर्व्हिंग स्पून्स?" हे ऐकून वेटर बहुधा स्वतःच सांगतो की अमुक पदार्थ दोघांना पुरेल, तमुक पुरणार नाही. त्याचं ऐका. तो रोज हेच बघतो.

पदार्थ कधी यायला हवेत तेही सांगा. इथे अ‍ॅपेटायझर आला की थोड्याच वेळात एंट्रे येऊन आदळतात, टेबलवर जागा नसते आणि अर्धं खाल्लेलं डिप उचलायची घाई होते. दोन मार्ग आहेत. सगळं एकदम हवं असेल तर "यू कॅन ब्रिंग एव्हरीथिंग टुगेदर." निवांत बसायचं असेल तर आधी फक्त अ‍ॅपेटायझर सांगा आणि एंट्रेची ऑर्डर नंतर द्या. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण भुकेचा खरा अंदाज अ‍ॅपेटायझर खाऊन झाल्यावरच येतो. फक्त शनिवारी संध्याकाळी, बाहेर रांग लागलेली असताना, टेबल दोन तास अडवून बसू नका.

मद्य मागवणार असाल तर वयाचा पुरावा लागतो. 21 वर्षं पूर्ण असल्याशिवाय देत नाहीत आणि पांढऱ्या केसांच्या माणसालाही कधी कधी विचारतात. बाबांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. वाटून खाण्याचा नियम पेल्याला लावू नका. कॉलेजातल्या मुलाला आपल्या ग्लासातला एक घोट देणं घरच्यासारखं वाटलं, तरी रेस्टॉरंटच्या परवान्यावर येऊ शकतं आणि मॅनेजर टेबलवर येतो.

'अनलिमिटेड' म्हणजे एकट्याचं अनलिमिटेड

सोड्याचा ग्लास परत परत भरून देतात, पण ज्याने मागवला त्याचाच. एक ग्लास आणि चार स्ट्रॉ हा प्रकार करू नका. पाणी फुकट असतं, बर्फ नको असेल तर "नो आइस" सांगा. ऑलिव्ह गार्डनमध्ये एंट्रेबरोबर सूप किंवा सॅलड आणि ब्रेडस्टिक्स हवे तेवढे मिळतात. दोघांत एकच एंट्रे घेतली तर दुसऱ्याच्या सूप-सॅलडचे वेगळे पैसे पडू शकतात, आधी विचारा. चांगला तोडगा म्हणजे एकाने नुसतं अनलिमिटेड सूप-सॅलडचं जेवण घ्यायचं, दुसऱ्याने पास्ता, आणि पास्त्यातला अर्धा पहिल्याला. दोघांचंही पोट भरतं आणि नियमही मोडत नाही.

'ऑल यू कॅन ईट' पदार्थ तर अजिबातच वाटायचे नसतात. रेड लॉब्स्टरने 2023 साली हवी तेवढी कोळंबी 20 डॉलरमध्ये कायमस्वरूपी मेन्यूवर ठेवली, त्यात कोट्यवधी डॉलरचा तोटा झाला आणि मे 2024मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं इतरही होती, पण कोळंबीची चर्चा सगळ्यात जास्त झाली. तेव्हा अशा प्लेटमधून शेजाऱ्याने चार कोळंब्या उचलल्या तर वेटर का टोकतो ते समजून घ्या.

टेबलवर

उष्ट्याच्या बाबतीत आपण अमेरिकनांपेक्षा कडक. पण डिप समोर आलं की आपल्यालाही भान राहत नाही. साउथ कॅरोलायनातल्या क्लेम्सन विद्यापीठात पॉल डॉसन यांनी विद्यार्थ्यांना घेऊन चावलेला क्रॅकर परत डिपमध्ये बुडवण्याचा अभ्यास केला होता. तोंडातले जिवाणू डिपमध्ये उतरतात हे त्यात दिसलं आणि साल्सा पातळ असल्याने तो जास्त परत वाटीत गळतो, हेही. उपाय सोपा आहे, चमच्याने प्रत्येकाने आपल्या प्लेटमध्ये डिप काढून घ्यायचं. पाहुण्यांबरोबर असताना पहिला चमचा यजमानाने घेतला की बाकीचे आपोआप तसंच करतात.

एंट्रे आल्या की त्यांना हात लावण्याआधी वाढून घ्या. एका माणसाने वाढावं. चिकन कापून, बटाटा वाटून, सॉस बाजूला ठेवून. फोडलेली, अर्धी खाल्लेली प्लेट पुढे सरकवणं शेजारच्या टेबलला दिसतं, आणि आपल्यालाही ते खरं तर नको असतं. जेवण फिकं लागलं तर टबॅस्को, लाल मिरचीचे फ्लेक्स किंवा कापलेल्या हलापिनो मागा, सहसा लगेच मिळतात.

बिल आणि टिप

अमेरिकेत टिपवर जगणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन 1991पासून तासाला 2.13 डॉलरवरच आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण बहुतेक ठिकाणी वेटरचं घर टिपवरच चालतं. रीत 18 ते 20 टक्क्यांची, कर धरायच्या आधीच्या रकमेवर.

वाटून खाल्लं की बिल कमी होतं, काम मात्र वाढतं: जादा प्लेट, जादा चमचे, दोनदा ऑर्डर. समजा चौघांनी 12 आणि 13 डॉलरचे दोन अ‍ॅपेटायझर आणि 18, 21, 24 डॉलरच्या तीन एंट्रे घेतल्या. झाले 88. कर 8 टक्के धरला तर 7.04. वीस टक्क्यांनी टिप 17.60 होते, मी अशा वेळी सरळ 20 ते 22 डॉलर ठेवतो. एकूण साधारण 116. चौथी 21 डॉलरची एंट्रे घेतली असती तर तेच जेवण 139च्या पुढे गेलं असतं. वाचलेल्या पंचवीसेक डॉलरमधले तीन-चार वेटरला गेले तर काय बिघडलं?

बिलावर आधीच ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, लावली आहे का ते बघून मगच टिपच्या ओळीत आकडा लिहा, नाहीतर दुप्पट जाते. चिलीज किंवा ऑलिव्ह गार्डनमध्ये टेबलवर छोटा टॅबलेट असतो, त्यावर कार्डही चालतं. मुलांच्या हातात तो देऊ नका, त्यातल्या खेळांचे पैसे बिलात चढू शकतात.

मित्रमंडळी असतील तर वेगळी बिलं हवीत हे ऑर्डरच्या आधी सांगायचं. पण सगळं वाटून खाल्ल्यावर 'डिप कोणाच्या नावावर' हा हिशोब वेटरला जमत नाही, जमवायला लावूही नये. एकाने कार्ड द्यावं, बाकीच्यांनी त्याला झेल (Zelle) किंवा व्हेनमो अशा फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीने पैसे पाठवावेत. 'मी देतो, मी देतो' ही झटापट वेटरच्या देखत करायची हौस असेल तर निदान त्याच्या हातात तीन कार्डं एकदम कोंबू नका. ज्याला खरंच द्यायचं आहे त्याने जाताना वॉशरूमच्या निमित्ताने उठून कार्ड आधीच देऊन यावं. आणि न मागता बिल टेबलवर आलं म्हणजे 'उठा आता' असा अर्थ नसतो, तशी पद्धतच आहे.

उरलेलं

खाऊन माजावं, टाकून माजू नये हे आपण ऐकत आलोय, आणि अमेरिकेत त्याची सोय उत्तम आहे. "कॅन वी गेट अ बॉक्स?" म्हटलं की डबे येतात. भरायचं काम बहुधा आपलंच. शाकाहारी आणि मांसाहारी डबे वेगळे मागा आणि झाकणावर पेनने लिहा, दुसऱ्या दिवशी फ्रिजपुढे उभं राहून वास घ्यावा लागत नाही. अनलिमिटेडमधलं सहसा बांधून देत नाहीत.

दोन तासांच्या आत डबा फ्रिजमध्ये जायला हवा. बाहेर 32 अंश सेल्सियसच्या वर ऊन असेल तर एकाच तासात. जेवून मॉलमध्ये फिरायचं असेल तर डबा गाडीत ठेवून जाऊ नका. टेक्सस किंवा अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात बंद गाडीत तो काही मिनिटांत तापतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना आतून वाफ येईपर्यंत करा, थर्मामीटर असेल तर 74 अंश.

अल्फ्रेडो पास्ता मायक्रोवेव्हमध्ये तूप सुटल्यासारखा फुटतो. पातेल्यात थोडं दूध घालून मंद आचेवर हलवत गरम केला तर जमतो. फजिताचं उरलेलं चिकन आणि कांदा दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून शाळेच्या डब्यात जातं, वर लिंबू पिळा. फ्राइज एअर फ्रायरमध्ये पाच मिनिटं. नाचोज मात्र बांधून आणू नका, तिथेच संपवा.